खुराक

डबा घरात आला तेव्हा आम्ही चवळी निवडत होतो.
काळा, कळशीएवढा,
त्यावर मुंडकं नसलेला एक माणूस, नुसती छाती.
मालामीननं तो उशाशी ठेवला,
गंडेताईत ठेवतो त्याच फळीवर.

पंचेचाळीस हजार फ्रँक.
उधारीची वही माझ्याकडे असते, म्हणून भागाकार आपोआप झाला:
चवळीची उसळ भरलेला पाव तीनशेला,
म्हणजे दीडशे पाव,
म्हणजे दीडशे माणसं, पहाटे पाचला, थियारोयच्या नाक्यावर,
तोंडही न धुतलेली.

आईनं विचारलं, यात आहे काय?
दूध, तो म्हणाला. म्हणजे दुधाचं पाणी. वाळवलेलं.
मग दुधाचं काय केलं त्यांनी? आई म्हणाली.

तिच्या हातात डाव, याच्या अंगात डाव,
आणि दोघं एकमेकांना चीत करायला बसलेले.
तो शेकर खळखळवतो, ती पातेलं आपटते.
बाजरीचा सांजा, शेंगदाण्याचं कालवण,
गोरखचिंचेचं घट्ट पांढरं सरबत
झाकलेलं तसंच राहतं,
आणि हा उभ्या उभ्या पाच घोटांत जेवून मोकळा.

मी खोटं कशाला बोलू,
सात आठवड्यांत दंड भरले.
मान कुठे संपते नि खांदा कुठून सुरू होतो, कळेना.
पोट मात्र रात्रभर गुरगुरायचं,
आणि आमची खोली एकच.

वाटलं होतं, वस्ताद बिराम तरी रागावतील.
सत्तरीचे. बोटं तीनदा मोडलेली.
त्यांनी डबा हुंगला,
चमचाभर भुकटी तळहातावर घेऊन चाटली,
आणि म्हणाले, मला रोज देत जा.
चार दात उरलेत माझे. मासा चावू कशानं?

मासा.
हसू आलं ते तिथेच अडकलं.
तारली आमच्या किनाऱ्याला येते अजून,
पण होडीतून थेट ट्रकात,
ट्रकातून कुंपणापलीकडच्या कारखान्यात.
तिथे तिची भुकटी होते,
आणि भुकटी जहाजानं जाते
कुठल्यातरी थंड देशातल्या माशांच्या पोटात.
वारा फिरला की रात्री वास येतो.
आई झोपेतच कूस बदलते,
म्हणते, चाललं बघ आपलं जेवण.

एकदा अंधारात मालामीन म्हणाला,
पहिल्यासारखा मासा असता घरात
तर घेतला असता का मी डबा?
मी काही बोलले नाही.
घेतला असता बहुतेक.
त्याला ते चित्र आवडायचं.

कुस्ती रविवारी झाली.
ताईतवाल्यानं दिलेल्या सात बाटल्या अंगावर ओतून तो उतरला,
ढोल सुरू होते,
आणि मी पाणी प्यायला मान वळवली तेवढ्यात
समोरचा पाठीवर, वाळू हवेत.

मग श्रेयाची वाटणी.
ताईतवाला म्हणाला ताईत.
सांदागा बाजारातला दुकानदार म्हणाला डबा,
आणि दुसरा डबा हप्त्यानं देऊ केला.
आई काहीच म्हणाली नाही,
पण पातेलं घासताना गुणगुणत होती.
बिराम म्हणाले, समोरच्याचा डावा गुडघा
महिनाभर सुजलेला होता, मला ठाऊक होतं.

त्या रात्री एका परातीभोवती सगळे.
लाल भात, कोबीची फोड, तळाची खरपुडी,
मधोमध एकच तारली.
आईनं बोटांनी काटे काढले
आणि ती मालामीनच्या बाजूला सरकवली.
त्यानं न बघता माझ्या बाजूला.

मी खाल्ली.
मला कुणाशी लढायचं नव्हतं.
भूक होती.